फँजिओ, सेन्ना, शूमाकर की हॅमिल्टन? सगळ्यात भारी ड्रायव्हर कोण, या भांडणाचं उत्तर छकड्याच्या मैदानात आहे

७ डिसेंबर २०२५. रविवार. संध्याकाळी साडेसहाला अबुधाबीत फॉर्म्युला वनच्या सीझनची शेवटची रेस सुरू झाली तेव्हा मिरजेत आम्ही पाच जण एका मोबाइलभोवती बसलो होतो. मोबाइल बिस्किटाच्या बरणीला टेकवलेला. नेट मध्येच अडकत होतं.

रेस मॅक्स वर्स्टॅपननं जिंकली. पण वर्ल्ड चॅम्पियन झाला तिसरा आलेला लँडो नॉरिस. गुण ४२३ विरुद्ध ४२१. फक्त दोन गुणांचा फरक. गंमत म्हणजे ऑगस्टच्या शेवटी हाच वर्स्टॅपन आघाडीवरच्या ऑस्कर पियास्ट्रीच्या १०४ गुणांनी मागं होता.

तिथून जे भांडण सुरू झालं ते तुम्हाला माहितीच आहे, कारण तुमच्याही ग्रुपवर ते झालं असणार. एक जण म्हणाला, "टायटल गेलं तरी आत्ताचा बाप मॅक्सच." दुसरा म्हणाला, "हॅमिल्टनचे सात टायटल विसरला का?" तिसऱ्यानं शूमाकर काढला. चौथा, ज्यानं सेन्नाला एकदाही लाइव्ह बघितलेलं नाही, तो सेन्ना, सेन्ना करत बसला. (नाव मुद्दाम सेन्ना लिहितेय. एका 'न'वर सोडलं तर आपल्याकडं भलताच वाद सुरू होईल.)

तर विषय असा आहे की १९५० पासून आत्तापर्यंतच्या सगळ्या सीझनमधून सगळ्यात भारी ड्रायव्हर काढायचा तर काढायचा कसा? आकडे बघून? की डोळ्यांनी बघून?

आधी आकड्यांचं बघू, कारण भांडणात पहिल्यांदा आकडेच फेकले जातात.

सगळ्यात जास्त रेस जिंकल्या लुईस हॅमिल्टननं, १०५. त्याच्या खाली मायकल शूमाकर ९१, मग वर्स्टॅपन ७१. टायटल मोजले तर हॅमिल्टन आणि शूमाकर दोघंही सातवर. मग विषय संपला का? नाही. १९५० च्या सीझनमध्ये सगळ्या मिळून सातच रेस होत्या. २०२५ मध्ये २४. आज एका सीझनमध्ये जेवढ्या रेस होतात, तेवढ्या करायला तेव्हा तीन-साडेतीन वर्षं लागायची.

म्हणून मग टक्केवारी. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फँजिओ ५१ रेस पळाला, त्यातल्या २४ जिंकला. म्हणजे जवळपास ४७ टक्के. इटलीचा अल्बर्टो अस्कारी ३२ पैकी १३. स्कॉटलंडचा जिम क्लार्क ७२ पैकी २५. हॅमिल्टन मात्र २७-२८ टक्क्यांवर, शूमाकर आणि वर्स्टॅपन ३० च्या आसपास. एका झटक्यात यादी उलटी झाली.

गुणांचं तर बोलूच नका. पन्नासच्या दशकात पहिल्या नंबरला ८ गुण मिळायचे. १९६१ पासून ९ झाले, १९९१ पासून १०, आणि २०१० पासून थेट २५. त्यामुळं सर्जिओ पेरेझच्या नावावर दीड हजारांहून जास्त गुण आहेत आणि आयर्टन सेन्नाच्या नावावर ६१४. पेरेझ सेन्नापेक्षा अडीच पट भारी आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

त्यात आणखी एक भानगड. पूर्वी सगळ्या रेसचे गुण धरायचेच नाहीत. १९८८ ला अॅलन प्रॉस्टनं सेन्नापेक्षा जास्त गुण मिळवले, १०५ विरुद्ध ९४. पण नियम होता की १६ पैकी उत्तम ११ निकालच धरायचे. तसे धरल्यावर सेन्ना ९० आणि प्रॉस्ट ८७. टायटल सेन्नाचं. म्हणजे ज्या 'टायटल'वर आपण भांडतो, ते टायटलही त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तकानं ठरवलेलं असतं.

पण हे सगळे छोटे प्रश्न झाले. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मला टपरीवर नाही, मामांच्या गोठ्यात कळला.

माझे मामा मिरज तालुक्यातले. बंदीच्या आधी, तरुणपणी ते छकडा हाकायचे. आपल्या सांगली-साताऱ्याकडं बैलगाडी शर्यतीत गाडी हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. त्या रविवारनंतर मी त्यांच्याकडं गेले आणि सहज विचारलं, "मामा, शर्यत जिंकली तर नाव बैलाचं होतं. मग ड्रायव्हर भारी का बैल भारी, हे कळायचं कसं?"

मामा म्हणाले, "आगं पोरी, त्यात काय अवघड हाय? पैरा बदलून बग."

आता पैरा म्हणजे काय, ते सांगते. छकड्याला दोन बैल लागतात. पण दोन्ही बैल एकाच मालकाचे असायलाच पाहिजेत असं नाही. एका गावच्या मालकाचा बैल आणि दुसऱ्या गावच्या मालकाचा बैल एकत्र जुंपतात, त्याला पैरा म्हणतात. या मैदानाला हा पैरा, पुढच्या मैदानाला दुसरा. त्यामुळं जाणकार माणूस हिशेब करत बसतो: हा बैल अमक्यासोबत पळला तेव्हा फायनलला गेला, तमक्यासोबतही गेला, तिसऱ्यासोबतही गेला. मग दम याच्यात आहे. आणि दुसरा बैल फक्त एकाच जोडीदारासोबत जिंकतो, जोडीदार बदलला की गटातच बाहेर. मग दम कुणात होता, ते कळलं.

मी हे ऐकून गप्पच झाले. कारण इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जे केलं ते नेमकं हेच होतं, फक्त कॉम्प्युटरवर.

त्यांनी १९५० ते २०१४ पर्यंतचे फॉर्म्युला वनचे निकाल घेतले. ड्रायव्हर एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये जातात, त्यांचे साथीदार बदलतात. म्हणजे पैरा बदलतो. कुणासोबत असताना कोण किती वर आला, हे सगळं एकत्र मांडलं की गणितानं गाडीचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळा काढता येतो. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, ड्रायव्हर आणि टीम या दोघांमुळं निकालात जो फरक पडतो, त्यातला साधारण ८६ टक्के वाटा टीमचा. म्हणजे ड्रायव्हरचा उरला १४ टक्के. दोन, टीमचा वाटा बाजूला काढल्यावर पहिला नंबर फँजिओचा आणि दुसरा प्रॉस्टचा.

८६ टक्के! म्हणजे आपण ज्याच्यावरून रात्रभर भांडतो तो भाग १४ टक्क्यांत बसतो.

मिरजेच्या माणसाला याचं फार नवल वाटू नये खरंतर. आपल्याकडं सतार आणि तंबोरा करणाऱ्यांची गल्ली आहे. देशभरातले मोठमोठे कलाकार मिरजेचं वाद्य घेऊन बसतात, टाळ्या कलाकाराला पडतात आणि भोपळा निवडून, तार लावून, जवारी काढून देणाऱ्या कारागिराचं नाव सभागृहात कुणाला माहीत नसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा कुठं बाहेरच्यांना हे गाव कळलं. फॉर्म्युला वनमधला असा सतारमेकर म्हणजे एड्रियन न्यूई. त्यानं आधी विल्यम्सच्या, मग मॅक्लारेनच्या, मग रेड बुलच्या चॅम्पियन गाड्या डिझाइन केल्या. सेबॅस्टियन व्हेटेलची चार टायटल आणि वर्स्टॅपनची चार टायटल, ही आठही रेड बुलची, न्यूई तिथं असतानाची. 'सर्वकालीन महान'च्या यादीत न्यूईचं नाव कधी बघितलंय?

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी २२ रेस झाल्या. वर्स्टॅपननं १९ जिंकल्या. टीमनं मिळून २१. गाडी जबरदस्त होती यात शंका नाही. पण त्याच गाडीत बसलेल्या पेरेझनं त्यातल्या दोनच जिंकल्या. एकच गाडी, एक १९, दुसरा दोन. हा पैऱ्याचा हिशेब झाला आणि इथं तो वर्स्टॅपनच्या बाजूनं पडतो.

हाच हिशेब लांबवत न्यायचा. डॅनियल रिकार्डो २०१४ ला व्हेटेलच्या टीममध्ये आला. व्हेटेल तेव्हा सलग चार वर्षांचा चॅम्पियन. रिकार्डोनं त्याला २३८ विरुद्ध १६७ नं मागं टाकलं. नंतर याच रिकार्डोच्या शेजारी वर्स्टॅपन आला आणि हळूहळू त्याच्या पुढं गेला. व्हेटेल फेरारीत गेला, तिथं पुढं शार्ल लेक्लेर आला. त्या लेक्लेरच्या शेजारी २०२५ ला हॅमिल्टन येऊन बसला. अशी साखळी जोडत जोडत तुम्ही एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाऊ शकता. कुठलाही बैल कुठल्याही बैलासोबत थेट पळला नसला तरी मधल्या पैऱ्यांवरून अंदाज बांधता येतो, तसंच.

पण साखळीत एक मोठी खोट आहे. वय.

शूमाकर २०१० ला परत आला तेव्हा ४१ वर्षांचा होता. मर्सिडीजमध्ये तीन वर्षं निको रोझबर्ग त्याच्या शेजारी होता आणि तिन्ही वर्षं रोझबर्ग पुढं राहिला. मग हॅमिल्टन आला, त्यानं चारपैकी तीन वर्षं रोझबर्गला हरवलं, २०१६ ला मात्र रोझबर्ग पाच गुणांनी चॅम्पियन झाला आणि लगेच निवृत्तही झाला. आता कागदावर बघितलं तर हॅमिल्टन मोठा, रोझबर्ग मधला, शूमाकर लहान. पण ४१ वर्षांचा शूमाकर म्हणजे शूमाकर नव्हे. शेफील्डवाल्यांनीही हे ओळखलं होतं. परतल्यानंतरची वर्षं धरली की शूमाकर खाली घसरतो, २००६ पर्यंतचीच धरली की थेट तिसऱ्या नंबरवर येतो.

हॅमिल्टनचंही आता तेच चाललंय. २०२५ मध्ये फेरारीत लेक्लेरचे २४२ गुण, हॅमिल्टनचे १५६. चीनमधली स्प्रिंट जिंकली तेवढीच, बाकी अख्ख्या सीझनमध्ये एकाही ग्रांप्रीत पोडियम नाही. आता पुढच्या पिढीतलं कुणीतरी हा आकडा काढून म्हणणार, बघा, लेक्लेर मोठा. त्यांना सांगायला कुणीतरी पाहिजे की तो गडी तेव्हा चाळिशीत होता.

(मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हातारा बैल पळवला की मालकाची चूक, बैलाची न्हाई.")

बाकी याद्या तर ढिगानं आहेत. २००९ मध्ये ऑटोस्पोर्ट या इंग्रजी मासिकानं २१७ फॉर्म्युला वन ड्रायव्हरनाच मत विचारलं. त्यांनी सेन्नाला पहिलं ठेवलं. २०२० मध्ये फॉर्म्युला वन आणि अॅमेझॉननं मिळून १९८३ नंतरच्या क्वालिफायिंगचा डेटा काढला, एकाच गाडीतल्या दोघांच्या वेळा ताडून बघितल्या. तिथंही सेन्ना पहिला, शूमाकर दुसरा, हॅमिल्टन तिसरा, वर्स्टॅपन चौथा. पण त्याच यादीत आठव्या नंबरवर हेकी कोवालायनेन आणि नवव्यावर यार्नो ट्रुली निघाले, दोघंही आयुष्यात एकेक रेस जिंकलेले, आणि चार टायटलवाला व्हेटेल दहावा. लोकांनी कॉम्प्युटरला धुतलं. शेफील्डच्या यादीतही क्रिस्टियन फिटिपाल्डी हा ड्रायव्हर, जो एकदाही पोडियमवर चढला नाही, फार वर आला होता.

माझ्या मते कॉम्प्युटर चुकला असं म्हणणं सोपं आहे. कोवालायनेन एका लॅपमध्ये खरोखर वेगवान असेल. पण एक लॅप म्हणजे रेस नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या घाटातल्या शर्यतीत सेकंद मोजतात, बारी किती सेकंदात बसली त्यावर नंबर. आपल्याकडं सांगली-साताऱ्याला तसं नसतं. आपल्याकडं एका गटात शेजारी शेजारी गाड्या सुटतात, गटातून सेमी, सेमीतून फायनल, आणि झेंडा पडल्यावर शेजारची गाडी अंगावर येत असताना आपल्या चाकोरीतून सरळ जायचं असतं. घड्याळावर भारी असलेला बैल शेजारी गाडी दिसली की बुजतो, असंही होतं. क्वालिफायिंग हा घाट झाला, रेस म्हणजे आपलं मैदान. दोन्हीतला भारी वेगळा निघू शकतो.

आता जरा आपल्याकडचं बोलू, कारण इथं नुसत्या गप्पा नाहीत, पैसा आहे.

गेल्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी जे मैदान घेतलं, त्याचं पहिलं बक्षीस फॉर्च्युनर होतं. ती जिंकली हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल या जोडीनं. (फॉर्म्युला वनवाल्यांना ब्रेक फेल हे नाव सांगून बघा.) बकासूर, मथुर ही नावं तर ज्यांनी आयुष्यात मैदान बघितलं नाही त्यांनाही रील्समुळं पाठ आहेत. साताऱ्याकडं पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान मारलं की बैल हिंदकेसरी होतो आणि पळाऊ खिलार बैलाची किंमत लाखांत जाते. म्हणजे 'कोण भारी' या यादीवर एखाद्या शेतकऱ्याचं घर उभं राहतं किंवा कर्जात जातं. कुणी कुणासोबत पैरा करायचा, हेही त्या यादीवरूनच ठरतं.

पण ही यादी आहे कुठं? कुठंच नाही. यूट्यूबवर आहे, ग्रुपवर आहे, जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. जिंकलेल्या बैलाचं आणि मालकाचं नाव बॅनरवर येतं. ड्रायव्हरचं नाव निकालात सापडेलच असं नाही. म्हणजे फॉर्म्युला वनच्या बरोबर उलटं. तिकडं गाडी करणारा विसरतात आणि हाकणारा हिरो. इकडं पळणारा हिरो आणि हाकणारा विसरतात.

आणि मधली काही वर्षं तर सरळ गायब आहेत. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. त्याला कारणं होती. चाबूक, काठीला लावलेल्या आऱ्या, बॅटरीचे शॉक, हे प्रकार होत होते हे मैदानातली माणसंही नाकारत नाहीत. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडकली. ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी असतानाच गोपीचंद पडळकरांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात शर्यत घेतली, त्यावरून केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला.

२०१४ ते २०२१. साडेसात वर्षं. बैलाचं पळायचं वय असतं किती? आदत खोंडापासून मोजलं तरी ऐन भरातली वर्षं हातावर मोजण्याइतकी. म्हणजे खोंडांची एक अख्खी पिढी कायदेशीर मैदान न बघताच शेतात राबली, विकली गेली किंवा म्हातारी झाली. बंदी चूक की बरोबर हा वेगळा वाद आहे आणि चाबकाच्या बाबतीत माझं मत कोर्टासारखंच आहे. पण 'सर्वकाळातला भारी बैल' अशी यादी तुम्ही आज काढली, तर त्या पिढीतला एकही बैल त्यात येणार नाही. तो कमी होता म्हणून नाही. त्याच्यासाठी झेंडाच पडला नाही म्हणून.

फॉर्म्युला वनच्या यादीतही असंच भोक आहे. ती यादी १९५० पासून सुरू होते, कारण वर्ल्ड चॅम्पियनशिप तेव्हा सुरू झाली. त्याच्या आधी इटलीचा ताझिओ नुव्होलारी होता. १९३५ च्या जर्मन ग्रांप्रीत, न्यूरबर्गरिंगवर, मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या ताकदवान गाड्यांसमोर त्यानं जुनी पडलेली अल्फा रोमिओ पहिली आणली. नाझी अधिकाऱ्यांसमोर, त्यांच्याच मैदानावर. मग दुसरं महायुद्ध आलं, रेसिंग बंद पडलं आणि एका पिढीची वर्षं गेली. चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हा नुव्होलारीची पन्नाशी उलटून गेलेली. त्याच्या नावावर फॉर्म्युला वनची शून्य टायटल आहेत. इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसचंही शून्य. ६६ रेसमध्ये १६ विजय आणि टायटल एकही नाही.

आणि जे मधेच गेले त्यांचं काय? अस्कारी १९५५ ला मोंझात गाडीची चाचणी करताना गेला. क्लार्क एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइमला, फॉर्म्युला टूच्या एका साध्या रेसमध्ये. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि त्या वर्षीची पहिली ग्रांप्री त्यानं जिंकलेली होती. सेन्ना १ मे १९९४ ला इमोलात, ३४ व्या वर्षी. हॅमिल्टननं ३४ वय ओलांडल्यावर किती रेस जिंकल्या ते मोजून बघा, म्हणजे या लोकांच्या आकड्यांत काय कमी आहे ते कळेल. तेव्हाचा ड्रायव्हर प्रत्येक कोपऱ्यावर मरणाचा हिशेब करत गाडी चालवायचा. आजचा तसा करत नाही, आणि करावा लागू नये हेच बरं. पण दोघांना एका तराजूत टाकताना हे वजन कुठल्या पारड्यात घालायचं?

बायकांचं तर एका ओळीत संपतं. १९७५ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत लेला लोम्बार्डीनं अर्धा गुण मिळवला. त्यानंतर आजपर्यंत एकाही बाईला गुण नाही. ७५ वर्षांच्या यादीत अर्धा गुण. त्याचा अर्थ बायकांना गाडी येत नाही असा ज्यांना काढायचाय त्यांनी काढावा. मी त्याचा अर्थ सीट कुणाला मिळाली यावरून काढते.

भारताचंही फार लांब नाही. नरेन कार्तिकेयनचे पाच गुण, २००५ ला इंडियानापोलिसमध्ये, जिथं टायरच्या भानगडीमुळं सहाच गाड्या पळाल्या. मग करुण चंढोक. २०११ ते २०१३ अशा तीन वर्षं नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर रेस झाल्या, तिन्ही व्हेटेलनं मारल्या, आणि मग सगळं बंद. आपल्या महाराष्ट्रातून सगळ्यात पुढं गेला मुंबईचा जेहान दारूवाला. त्यानं फॉर्म्युला टूमध्ये रेस जिंकल्या, तसं करणारा तो पहिला भारतीय. पण फॉर्म्युला वनची सीट काही मिळाली नाही.

मिरजेच्या पोराला आज रेसिंग शिकायचं असेल तर पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. म्हणजे रस्ता आहे. पण तो रस्ता कार्टपासून युरोपपर्यंत कोट्यवधी रुपयांचा आहे. त्यामुळं जगातला सगळ्यात वेगवान हात कदाचित आत्ता म्हैसाळ रोडवर उसाचा ट्रॅक्टर चालवत असेल आणि ते कुठल्याच डेटात येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगितलं, पण यादी कुठाय? देते. शिव्या कमेंटमध्ये द्या.

माझा पहिला फँजिओ. पाच टायटल आणि तीही चार कंपन्यांच्या गाड्यांत: अल्फा रोमिओ, मासेराटी, मर्सिडीज, फेरारी. आजपर्यंत एवढे पैरे बदलून एवढं कुणी जिंकलं नाही. १९५७ ला न्यूरबर्गरिंगवर पिट स्टॉप लांबला, तो पाऊण मिनिटाहून जास्त मागं पडला आणि लॅपमागून लॅप रेकॉर्ड मोडत फेरारीच्या दोन्ही पोरांना गाठून पुढं गेला. तेव्हा त्याचं वय ४६. त्याच्याविरुद्धचा मुद्दाही सांगते. १९५६ ला मोंझात त्याची गाडी बिघडली तेव्हा टीममधल्या पीटर कॉलिन्सनं, ज्याला स्वतःला टायटलची संधी होती, त्यानं आपली गाडी फँजिओला दिली. त्या काळी ते नियमात बसत होतं. आज कुणी असं केलं तर ट्विटर बंद पडेल.

दुसरा शूमाकर. बेनेटनमध्ये दोन टायटल घेऊन तो १९९६ ला फेरारीत गेला, तेव्हा फेरारीकडं १९७९ नंतर ड्रायव्हरचं टायटल नव्हतं. चांगला बैल सोडून अडलेल्या गाडीला जुंपून घेतलं आणि चार वर्षं थांबून ती गाडी जिंकायला लावली. तिसरा हॅमिल्टन, कारण पहिल्याच वर्षी, २००७ ला, दोन वेळच्या चॅम्पियन फर्नांडो अलोन्सोच्या शेजारी बसून त्यानं बरोबर तेवढेच, १०९ गुण काढले. चौथा क्लार्क. पाचव्या जागेवर सेन्ना आणि प्रॉस्ट दोघंही, आणि मी त्यांना वेगळं करणार नाही. १९८८ च्या मॅक्लारेननं १६ पैकी १५ रेस मारल्या, आणि त्या दोघांतलं कोण भारी हे त्यांनाच शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

वर्स्टॅपन मुद्दाम बाहेर ठेवलाय. त्याची चारही टायटल एकाच टीमची आहेत, २८ वय आहे, आणि २०२६ ला गाड्यांचे नियम मुळापासून बदलतायत. इंजिनची जवळपास निम्मी ताकद विजेची असणार. मार्चमध्ये मेलबर्नला नवा सीझन सुरू होईल तेव्हा रेड बुलची गाडी पडेल निघाली आणि तरी हा गडी शेजारच्याला धूळ चारत राहिला, तर मी यादी बदलेन. मामांच्या भाषेत, पैरा बदलला की बगू.

ही यादी मी मामांना वाचून दाखवली. फँजिओचं न्यूरबर्गरिंग ऐकून खूश झाले. मग मी विचारलं, "तुमच्या काळातले सगळ्यात भारी बैल सांगा की. तीन सांगा."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. तीन नावं सांगितली, गाव सांगितलं, कुठलं मैदान कुणासोबतच्या पैऱ्यात मारलं ते सांगितलं, आणि हाकायला कोण होतं तेही सांगितलं. त्यातल्या एका गाडीवर ते स्वतः होते.

मी तिथंच बसून तिन्ही नावं सर्च केली. एकाचंही काही आलं नाही.